शेवटच्या बॉडीचा लेव्हल ट्रान्समीटर शिफ्टभरात खाली उतरत जातो : मदत हवी आहे

इन्स्ट्रुमेंट_साखर
नमस्कार. मी एका सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो. इव्हॅपोरेटरच्या (रस उकळून घट्ट करणाऱ्या यंत्रणेच्या) शेवटच्या बॉडीवरील, म्हणजे शेवटच्या भांड्यावरील, लेव्हल ट्रान्समीटर (पातळी मोजून कळवणारे उपकरण) शिफ्टच्या सुरुवातीला ७० टक्के दाखवतो आणि शिफ्ट संपेपर्यंत ४० टक्क्यांवर येतो. गेज ग्लासमध्ये (पातळी डोळ्यांनी पाहण्याच्या काचेच्या नळीत) मात्र लेव्हल कमी झालेली दिसत नाही. कंट्रोलर या रीडिंगवर विश्वास ठेवून रसाचा व्हॉल्व्ह उघडत राहतो, लेव्हल खरोखरच वाढते आणि कंडेन्सरच्या पाण्यात साखर सापडू लागते. ट्रान्समीटर बदलून पाहिला, फरक पडला नाही. गाळप जोरात सुरू आहे, बॉडी थांबवता येणार नाही. कृपया नेमका उपाय सांगावा.

पुणेकर_कॅलिब्रेशन
कोणत्या तत्त्वावरचा ट्रान्समीटर आहे, हे आपण लिहिलेले नाही. डीपी (दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजणारा), रडार, कपॅसिटन्स की आणखी काही? डीपी असेल तर रेंज किती लावली आहे, दोन टॅपिंगमधले (बॉडीवर दाब घेण्याच्या जागांमधले) अंतर किती आहे आणि लो साइड (कमी दाबाची बाजू) कुठे जोडली आहे? या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणाचेही उत्तर अंदाजच ठरेल.

रडारप्रेमी
डीपी असेल तर तो काढून टाका. ८० गिगाहर्ट्झचा रडार वरून बसवा. घनता बदलली तरी त्याला फरक पडत नाही आणि रसाचा स्पर्शही होत नाही. आमच्या केमिकल प्लँटमधल्या आम्लाच्या टाक्यांवर असे रडार बसवल्यापासून लेव्हलची एकही तक्रार आलेली नाही.

बॉयलिंगहाऊस_सांगली
रडारप्रेमी, आम्लाची शांत टाकी वेगळी आणि व्हॅक्यूममध्ये उकळणारी बॉडी वेगळी. इथे पृष्ठभाग सतत उसळत असतो, त्यावर फेस असतो, वर वाफ असते आणि अँटेनावर पाण्याचे थेंब जमतात. बाहेरच्या उभ्या चेंबरमध्ये गाइडेड वेव्ह रडार (दांड्यावरून लहरी पाठवणारा) चालू शकेल, पण ते काम हंगाम संपल्यावर करण्याचे आहे. धागाकर्त्यांना मला वेगळेच विचारायचे आहे. लेव्हल ७० टक्के कशासाठी ठेवता? रॉबर्ट बॉडीमध्ये (उभ्या नळ्यांच्या बॉडीमध्ये) रसाची पातळी नळ्यांच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असली, तर उष्णता सर्वांत चांगली मिळते, असे आम्हाला शिकवले आहे. ती कमी ठेवा, कॅरीओव्हर (वाफेबरोबर रसाचे थेंब कंडेन्सरकडे जाणे) आपोआप थांबेल.

इन्स्ट्रुमेंट_साखर
लेव्हल किती ठेवावी हा माझा प्रश्नच नाही. ७० टक्के हा टॅपिंगमधल्या अंतराचा आकडा आहे, नळ्यांच्या उंचीचा नव्हे. ट्रान्समीटर डीपी आहे, हे उघड आहे असे मला वाटले. टॅपिंगमध्ये १५०० मिलिमीटर अंतर आहे. सिरप ६० ब्रिक्सच्या (वजनाने सुमारे ६० टक्के विरघळलेल्या साखरेच्या) आसपास असते, म्हणून गरम सिरपची घनता १.२७ धरून रेंज ० ते १९०५ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ अशी लावली आहे. लो साइड वरच्या वाफेच्या जागेतून अर्ध्या इंचाच्या नळीने खाली ट्रान्समीटरपर्यंत आणली आहे. व्हॅक्यूम साधारण ६५० मिलिमीटर पारा असतो.

चीफकेमिस्ट_निवृत्त
ब्रिक्सही तपासून पाहा. रसाचा व्हॉल्व्ह जास्त उघडला की सिरप पातळ होते, त्याची घनता उतरते आणि डीपी कमी दाखवू लागतो. म्हणून माझा आग्रह असा की, सिरपच्या आउटलेटवर इनलाइन रिफ्रॅक्टोमीटर (अपवर्तनांकावरून ब्रिक्स मोजणारे उपकरण) बसवा आणि बॉडीचे नियंत्रण ब्रिक्सवर न्या. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आणि ६० ब्रिक्सच्या साखरद्रावाचा सुमारे १.४४२ असतो. एवढा फरक उपकरणाला सहज ओळखता येतो. प्रिझमवर क्षार बसतात, तेव्हा गरम पाण्याने किंवा वाफेने प्रिझम धुण्याची सोय मात्र सोबत असलीच पाहिजे.

पुणेकर_कॅलिब्रेशन
सर, आपला मुद्दा आदराने मान्य करूनही हिशेब मांडतो. ब्रिक्स ६० वरून ५० वर आला, तरी गरम सिरपची घनता १.२७ वरून १.२१ च्या आसपास येते, म्हणजे रीडिंग त्याच्या वीसाव्या भागाने उतरेल; ७० चे ६७ होईल, ४० होणार नाही. शिवाय रिफ्रॅक्टोमीटर किती साखर विरघळली आहे हे सांगतो, बॉडीत रस किती आहे हे सांगत नाही. त्याची गरज आहे, पण लेव्हलच्या जागी नाही.

मूळ दोष लो साइडच्या नळीत दिसतो. ही नळी कोरडी राहील असे गृहीत धरून आपण शून्यापासून रेंज लावली आहे. पण वाफेच्या जागेतून आलेली, बाहेरच्या हवेत थंड होणारी नळी कोरडी राहूच शकत नाही. तिच्यात वाफेचे पाणी होते आणि ते ट्रान्समीटरच्या लो बाजूवर साचत जाते. डीपी हा दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक असल्याने लो बाजूचे पाणी जितके चढेल तितके रीडिंग उतरेल. १९०५ चे ३० टक्के म्हणजे सुमारे ५७० मिलिमीटर. आपल्या दीड मीटर नळीत शिफ्टअखेर जवळपास तेवढे पाणी साचलेले असणार. ट्रान्समीटर बदलून फरक पडला नाही, कारण नळी तीच राहिली.

व्हॅक्यूमवाला
पाणीच असेल असे नाही. लो साइडच्या एखाद्या फिटिंगमधून हवा आत शिरत असेल तरीही त्या बाजूचा दाब वाढतो आणि रीडिंग कमी येते. व्हॅक्यूममधल्या नळ्यांची गळती बाहेरून दिसत नाही, कारण द्रव बाहेर पडत नाही, हवा आत जाते. आधी सर्व फेरूल (नळीच्या जोडांतील कड्या) घट्ट करा.

पुणेकर_कॅलिब्रेशन
गळती शक्य आहे, पण तिची खूण वेगळी असते. गळतीने आलेला फरक व्हॅक्यूम आल्याबरोबर दिसतो आणि व्हॅक्यूमसोबत कमी-जास्त होतो. इथे रीडिंग तासागणिक हळूहळू उतरत आहे. दोन्हींतले कोणते हे ठरवण्यासाठी नळी एकदा रिकामी करा. कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या. वरच्या टॅपिंगचा रूट व्हॉल्व्ह (बॉडीलगतचा व्हॉल्व्ह) बंद करा, त्यानंतरच नळीचा व्हेंट उघडून आतला व्हॅक्यूम तोडा, मग खालचा ड्रेन उघडा. रूट व्हॉल्व्ह उघडा ठेवून ड्रेन उघडलात, तर पाणी बाहेर येणार नाही, उलट हवा आत ओढली जाईल आणि बॉडीचा व्हॅक्यूम बिघडेल. नळी रिकामी केल्यावर रीडिंग गेज ग्लासशी जुळले आणि पुन्हा हळूहळू उतरू लागले, तर पाणीच आहे.

मळी_डिस्टिलरी
आमच्याकडे मळीच्या साठवण टाकीवर अल्ट्रासॉनिक आहे आणि फेस आला की तो चुकतो. त्यावर कोणी उपाय सांगेल का? धागाकर्त्यांनाही अल्ट्रासॉनिक स्वस्तात पडेल.

व्हॅक्यूमवाला
मळीसाठी कृपया वेगळा धागा काढावा. आणि व्हॅक्यूममध्ये अल्ट्रासॉनिक मुळीच सुचवू नये. ध्वनीला माध्यम लागते, विरळ वाफेत त्याचा वेगही बदलतो आणि प्रतिध्वनीही क्षीण होतो.

इन्स्ट्रुमेंट_साखर
नळी रिकामी केली. पाणी निघाले, रीडिंग गेज ग्लासशी जुळले आणि आता पुन्हा उतरू लागले आहे. दर शिफ्टला नळी रिकामी करत बसायला माणूस नाही. कायमचा उपाय सांगा, आणि बॉडी न थांबवता.

पुणेकर_कॅलिब्रेशन
मग पाण्याशी झगडण्याऐवजी नळी भरूनच ठेवा. वरच्या टॅपिंगजवळ लहान कंडेन्सेट पॉट (वाफेचे पाणी जमवणारे भांडे) बसवा आणि संपूर्ण लो नळी पाण्याने भरा. साचणारी वाफ ती भरलेलीच ठेवील आणि जादा पाणी पॉटमधून बॉडीत परत जाईल. ट्रान्समीटर खालच्या टॅपिंगच्या पातळीवर असेल, तर रेंज उणे १५०० ते अधिक ४०५ मिलिमीटर अशी लागेल. स्पॅन (दोन टोकांमधले अंतर) आपला तोच, फक्त दोन्ही टोके १५०० ने खाली सरकतात. रूट व्हॉल्व्ह चांगला बंद होत असेल, तर हे काम चालू गाळपात करता येते.

व्हॅक्यूमवाला
पाण्याऐवजी ग्लिसरीन भरा. ६५० मिलिमीटर व्हॅक्यूममध्ये पाणी साधारण ५४ अंशांवर उकळते. व्हॅक्यूम अचानक वाढला आणि नळी बॉडीला चिकटून गरम असली, तर आतले पाणी उकळून रीडिंग उड्या मारेल. ग्लिसरीनची घनता १.२६ धरली, तर रेंज उणे १८९० ते अधिक १५ येईल.

पुणेकर_कॅलिब्रेशन
ग्लिसरीन पाण्यात मिसळते, त्यामुळे वरून पडणारे कंडेन्सेट त्याला हळूहळू पातळ करील आणि तुमचा शून्य पुन्हा सरकेल. नळी बॉडीपासून हातभर दूर नेऊन उघडी ठेवली, तर तिच्यातले पाणी ५४ अंशांपर्यंत तापणार नाही. मी पाण्याच्याच बाजूने आहे. हंगाम संपल्यावर दोन्ही टोकांना डायफ्राम सील (दाब पुढे पोहोचवणारे पातळ पडदे) आणि सारख्या लांबीच्या केशिका (द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या) असलेला ट्रान्समीटर घ्या. तेव्हा सील व्हॅक्यूमसाठी आहे असे मागणीपत्रात स्पष्ट लिहा.

इन्स्ट्रुमेंट_साखर
पाण्याचाच मार्ग घेतो, पॉट वर्कशॉपमध्ये बनवायला दिला आहे. एक शंका : रेंज बदलल्यावर कंट्रोल रूममधला आकडा उलटा होईल का?

पुणेकर_कॅलिब्रेशन
नाही. हाय आणि लो आहेत तशाच राहू द्या. हार्ट कम्युनिकेटरवर (ट्रान्समीटरची रेंज भरण्याच्या हातातल्या उपकरणावर) खालची मर्यादा उणे १५०० आणि वरची ४०५ भरा. सिग्नलचे मिलीअँपिअर ४ ते २० असेच मिळतील. मात्र ज्या ट्रान्समीटरची किमान मर्यादा उणे १५०० पर्यंत जात नाही, तो चालणार नाही, म्हणून पॉट तयार होण्याआधी नेमप्लेट वाचून घ्या.