समोरच्याच्या मतदाराला बोलण्याचा अधिकार उमेदवाराला कोणी दिला?

कृष्णाकाठ, सांगली (धागाकर्ते)

काल ‘मिरज जंक्शन’ यांनी एक टिपण लिहिले आणि ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रचारात उमेदवाराने विरोधी मतदारांना मूर्ख, लाचार किंवा विकाऊ म्हटले तर त्यात गैर काही नाही, कारण तो निदान मनातले बोलतो. हिलरी क्लिंटन यांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना तिरस्करणीय लोकांच्या टोपलीत घातले, तेही खरेच होते. आणि आपल्या मतदाराने इतके हळवे होऊ नये.

उदाहरण निवडतानाच त्यांची गल्लत झाली आहे. क्लिंटन ते वाक्य ९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमधील निधी संकलनाच्या कार्यक्रमात बोलल्या आणि दुसऱ्याच दिवशी ‘निम्म्या’ म्हटल्याबद्दल त्यांना खेद व्यक्त करावा लागला. त्याआधी २०१२ मध्ये ओबामांच्या विरोधात उभे असलेले मिट रॉम्नी देणगीदारांपुढे म्हणाले होते की, ४७ टक्के लोक काहीही झाले तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत आणि त्यांची काळजी करणे हे माझे काम नाही. ते चित्रण सप्टेंबरमध्ये बाहेर आले आणि नोव्हेंबरमध्ये रॉम्नींच्या स्वतःच्या पदरात मते पडली तीही सुमारे ४७ टक्केच. दोघेही आपल्याच गोटात बोलले होते आणि दोघांच्याही बोलण्यात तुच्छता होती. परंतु तुमचा रस्ता अडवीन, तुमचे अनुदान थांबवीन, असे त्यांपैकी कोणीही म्हटले नव्हते.

आपल्याकडे असे बोलणे उघड व्यासपीठावरून होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या कोल्हापुरात भाजपचे खासदार धनंजय महाडिक यांनी, लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या महिला काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, अशा अर्थाचे विधान केले. पुढे त्यांनी माफी मागितली आणि त्यांच्यावर गुन्हाही नोंदवला गेला. या विधानात शिवी एकही नाही, तरीही मला ते क्लिंटन यांच्या वाक्यापेक्षा कितीतरी वाईट वाटते. कारण शिवी दिली तर मतदार चिडतो, पण ‘फोटो काढा’ म्हटले की तो घरी बसतो.

मिरज जंक्शन

आपण माझ्या टिपणातील जे सोयीचे होते तेवढेच उचलले आहे. त्या वाक्यानंतरही क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. त्या हरल्या त्या तेथील इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे राज्यवार निर्वाचकांमार्फत अध्यक्ष निवडण्याच्या, गणितामुळे. कोल्हापूरचेच बघायचे असेल, तर आपण ज्या विधानाने एवढे व्यथित झाला आहात, त्यानंतर पंधरवड्यातच त्या जिल्ह्यातील दहापैकी नऊ जागा महायुतीने आणि तिच्या मित्रपक्षांनी जिंकल्या आणि उरलेली एक भाजपच्याच बंडखोराने. मतदार घरी बसला, घाबरला, अपमानित झाला, हे आपण कोणत्या आधारावर म्हणता?

दुसरे असे की, मतदार म्हणजे देवघरातील मूर्ती नव्हे. मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंची पाकिटे फिरली आणि दोन्ही बाजूंची घेतली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्हीकडून घेणाऱ्याला एखाद्या उमेदवाराने ‘विकाऊ’ म्हटले, तर नेमकी कोणाची अब्रू गेली, हे धागाकर्त्यांनी समजावून सांगावे.

आडसाली

अमेरिकेचे तुम्ही बघा. आमच्या भागात उमेदवार विरोधी मतदाराला काही बोलतच नाही, तो फक्त उसाची तोड लांबवतो. गेल्या वेळच्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत माझ्या भावाने विरोधी पॅनेलच्या उमेदवारासाठी घरोघर फिरून प्रचार केला. जुलैची आडसाली लागण होती, नोंद वेळेवर होती, म्हणजे दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात तोड यायला हवी होती. शेजारच्या बांधापर्यंत तोडणीची टोळी आली आणि आमचे शेत ओलांडून पुढे गेली. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीच्या नोंदी पाहणारा माणूस, मोटारसायकल बांधावर लावून, वही उघडून, अत्यंत नम्रपणे सांगायचा, ‘काका, तुमचा प्लॉट यादीत आहे, पण टोळी वरच्या शिवारात गेली आहे.’ मार्च संपत आला तेव्हा तोड मिळाली. तोवर उसाला तुरा येऊन तो आतून पोकळ झाला होता आणि वजनात जी घट आली ती आली. त्या सबंध निवडणुकीत आमच्याविषयी कोणीही एक अपशब्द काढलेला नाही, ही गोष्ट ‘मिरज जंक्शन’ यांच्या सिद्धांतात कोठे बसवायची?

मिरज जंक्शन

ती सहकारातील व्यथा आहे आणि तिच्याबद्दल सहानुभूती आहे, परंतु धाग्याचा विषय विधानसभा-लोकसभेतील भाषणांचा आहे. तेथे मत गुप्त असते. आपण कोणाला मत दिले हे नेत्याला कळतच नसेल, तर त्याची धमकी पोकळ आहे.

निवृत्त केंद्राध्यक्ष, कराड

हे वाक्य वाचून मला उत्तर देणे भाग पडले. अनेक निवडणुकांत मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. यंत्र बंद केल्यावर नमुना १७ क, म्हणजे केंद्रात पडलेल्या मतांचा हिशेब, भरून त्याच्या प्रती उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यायच्या असतात आणि ती प्रत घेताना ‘आपल्या वाडीचे किती झाले’ असे पुटपुटणारा प्रतिनिधी मला प्रत्येक ठिकाणी भेटला. मोजणीनंतर नमुना २० मध्ये केंद्रवार आकडे जाहीर होतात. हजार-बाराशे मतदारांच्या केंद्रात एखाद्या वस्तीचे, एखाद्या आळीचे, कित्येकदा एखाद्या भावकीचेही मत उघडे पडते. व्यक्तीचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. आणि रस्ता, टाकी, समाजमंदिर या गोष्टी वस्तीलाच मिळत असतात.

मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रे आली आणि ती सोय गेली. म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवले; त्यात चौदा केंद्रांपर्यंतची यंत्रे जोडून एकच एकत्रित बेरीज मिळते. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र त्याला विरोध दर्शवला आणि त्यामागचा एक युक्तिवाद असा होता की, केंद्रवार आकड्यांवरून पक्षांना कोठे अधिक काम करायला हवे ते कळते. या युक्तिवादाची दुसरी बाजू २०१९ मध्ये मनेका गांधी यांनी पिलिभीत येथे जाहीर सभेत सांगून टाकली: गावांनी किती टक्के मते दिली त्यावरून अ, ब, क, ड अशी प्रतवारी आणि त्याच क्रमाने कामे. पिलिभीत दूर आहे म्हणून आपल्याला त्याचे नवल वाटते, एवढेच. माझ्या मते भाषणांवर बंदी घालण्यात शक्ती घालवण्यापेक्षा टोटलायझर मागावे.

मिरज जंक्शन

म्हणजे आता केंद्रवार आकडेच लपवायचे. उत्तम. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या लोकांनी आपल्या गावात पडलेल्या मतांचा आकडा मान्य नसल्याचे सांगून मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याची तयारी केली होती आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. गावकऱ्यांचा संशय बरोबर होता की चूक, हे बाजूला ठेवा. टोटलायझर असते तर त्यांना संशय घेण्यापुरताही आकडा हाती आला नसता. यंत्रावर विश्वास नाही म्हणून आरडाओरड करायची आणि पडताळणीचे एकमेव साधनही काढून टाकायचे, ही भूमिका केंद्राध्यक्षांना सुसंगत वाटते काय?

निवृत्त केंद्राध्यक्ष, कराड

पडताळणीसाठी १७ क आहे आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आहेत. न्यायालयाच्या आदेशाने एखाद्या केंद्राचा आकडा उघडण्याची तरतूदही करता येईल. तथापि आपला आक्षेप पोकळ नाही, एवढे म्हणतो आणि यापेक्षा अधिक म्हणणार नाही.

माणदेशी

कराड आणि मिरज या दोन्ही बागायती गावांनी एकमेकांशी गोड भांडावे, त्यात आमच्या गावाला काय मिळते? आमच्याकडे उन्हाळ्यात उपसा योजनेच्या पाण्याचे आवर्तन कोणत्या शाखेला आधी सोडायचे, हा निर्णय अधिकारी घेतात असे कागदावर असते. गावाने कोणाला किती मते दिली हे पोटकालव्याच्या शेवटच्या टोकावरील माणसाला पाणी पोहोचायच्या आधी कळते. एप्रिल २०२४ मध्ये इंदापुरात अजित पवार यांनी, निधी हवा असेल तर आमच्या चिन्हासमोरचे बटण दाबा, नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल, अशा आशयाचे विधान केले आणि निवडणूक यंत्रणेला त्यात आचारसंहितेचा भंग आढळला नाही. यंत्रणेलाच त्यात काही वावगे दिसत नसेल, तर ‘मिरज जंक्शन’ यांना दिसत नाही यात आश्चर्य ते काय? घराला चोवीस तास नळ असला की अशी निर्विकार तत्त्वे सुचतात.

मिरज जंक्शन

माझ्या घरी चोवीस तास नळ नाही; असलाच तर तो आपल्या कल्पनेत आहे. वैयक्तिक घसरण्याआधी महापालिकेचे वेळापत्रक पाहावे.

हळद पेठ

अमेरिका, इंदापूर, पिलिभीत सगळे झाले, परंतु सांगलीत बसून सांगलीविषयी कोणी अक्षर काढत नाही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीत ही जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली, चंद्रहार पाटील यांना उमेदवारी मिळाली आणि काँग्रेसचे विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. त्या काळात आम्हा जुन्या काँग्रेसवाल्यांना कोणी गद्दार म्हटले, कोणी विरोधकांची बी टीम म्हटले, आणि हे म्हणणारे समोरचे नव्हते, आमच्याच आघाडीतले होते. पुढे लाखभराच्या फरकाने अपक्ष निवडून आला आणि तेच लोक हार घेऊन दारात उभे राहिले. विरोधी मतदाराला बोलणे हा लहान अपराध आहे. स्वतःच्या मतदाराला खिशातला समजणे हा मोठा अपराध आहे, आणि त्यावर धागा काढण्याची धागाकर्त्यांची छाती नाही, कारण त्या वेळी ते कोणत्या बाजूला होते हे मला ठाऊक आहे.

कृष्णाकाठ, सांगली

मी कोणत्या बाजूला होतो हे आपल्याला ठाऊक असणे, हाच या धाग्याचा विषय आहे. आपण ते इतक्या सहजपणे लिहून गेलात, यातच माझा मुद्दा सिद्ध झाला.

हळद पेठ

शब्दांत पकडणे आपल्याला छान जमते. बाकी उत्तर नाहीच.

वाईची लेक

सभेतील महिलांचे फोटो काढण्याविषयी येथे बोलणे झाले, म्हणून लिहिते. आमच्या बचत गटातील बायका त्या महिन्यात दोन्ही पक्षांच्या सभांना गेल्या. एकीकडे गटाच्या अध्यक्षांनी हजेरीची वही आणली होती, तर दुसरीकडे गाडी सरळ दारात आली आणि दीर पुढे बसलेले होते. माझ्या शेजारणीने पदर कपाळाखाली ओढून घेतला, तो उन्हासाठी नव्हे. मोबाइल वर धरून एक पोरगा रांगेवरून चित्रीकरण करत गेला, तेव्हा आमच्या रांगेतील अर्ध्या बायका वाकून चप्पल शोधू लागल्या. आम्ही कोणाच्या मतदार आहोत हे त्या पोराला आमच्या बसण्यावरून कळणार होते आणि त्या जागी बसण्याचा निर्णय आमच्यापैकी एकीचाही नव्हता. निकालात दहापैकी नऊ आले म्हणून कोणी घाबरले नव्हते, असे ‘मिरज जंक्शन’ म्हणतात. घाबरलेले मतही यंत्रात जाते आणि तेही मोजले जाते.

मिरज जंक्शन

ताई, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी ते देत नाही. पण धागाकर्त्यांना देतो. माझे टिपण मी मागे घेत नाही: उमेदवाराने विरोधी मतदाराला मूर्ख म्हणावे, खुशाल म्हणावे आणि त्याचे फळ भोगावे. मात्र ‘बघून घेऊ’ छापाचे बोलणे मी त्याच माळेत ओवले होते, ते वेगळे काढावे लागेल, हे या धाग्यावरील विद्वज्जनांच्या सामुदायिक दबावाखाली मान्य करतो. सन्मानाचा नारळ कोणाकडे पाठवायचा ते कळवावे.

आता कायद्याचेही पाहू. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२३(२) प्रमाणे अनुचित प्रभाव हा भ्रष्ट आचार ठरतो. त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते आणि ते कृत्य उमेदवाराचे, त्याच्या प्रतिनिधीचे किंवा त्यांच्या संमतीने झालेले होते, हे सिद्ध करावे लागते. कोल्हापुरात बोलणारे खासदार स्वतः उमेदवारच नव्हते. तेव्हा आपल्यापैकी कोण वकील लावतो ते बोला, नाहीतर हे सगळे चहाच्या टपरीवरचे शौर्य आहे.

निवृत्त केंद्राध्यक्ष, कराड

म्हणूनच मी याचिकेपेक्षा टोटलायझर म्हणतो. याचिकेला पुरावा देणारा साक्षीदार त्याच वस्तीत राहतो.

आडसाली

केंद्राध्यक्ष साहेब, आपले यंत्र येईल तेव्हा येवो. आमच्या गावात कोण कोणाचा हे नमुना २० वरून कळत नाही. सकाळी कोण कोणत्या डेअरीला दूध घालतो, त्यावरून कळते. भावाने या हंगामात डेअरी बदलली आहे आणि परवा चिटबॉय स्वतः होऊन घरी चहाला येऊन गेला.

माणदेशी

मग तोड कधी आहे?

आडसाली

यादीत आहे म्हणाला.