मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती आणि प्रत्यक्ष प्रवास किती तासांचा?

कोथरूडकर
नमस्कार. येत्या जानेवारीत मी आईला घेऊन धाकट्या भावाकडे न्यूयॉर्कला जाणार आहे. विमान मुंबईहून थेट आहे. तिकिटावर १२ तारखेला पहाटे दीडला प्रस्थान आणि त्याच सकाळी सातला आगमन छापले आहे. परतीला मात्र सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोहोचणे आहे. जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस, हे कसे? आईला रक्तदाबाची गोळी दर बारा तासांनी लागते, म्हणून खरे तास आणि अंतर नेमके समजून घ्यायचे आहे.

भूगोलाच्या बाई
तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यामुळे जाताना साडेपाचात साडेदहा मिळवावेत, सोळा तास होतात. येताना पंचवीसमधून साडेदहा वजा करावेत, साडेचौदा उरतात.

सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, परंतु ही 'सरळ' वाट सपाट नकाशावर दिसत नाही. वर्गात मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवत असे. एक टोक मुंबईवर व दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा घट्ट ओढला की तो अरबस्तान-आफ्रिकेकडे न जाता उत्तरेला सरकतो, रशिया आणि स्कँडिनेव्हिया ओलांडून आइसलँडवर येतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. मुलांना ते दर वर्षी नव्याने आश्चर्याचे वाटे, आणि खरे सांगायचे तर मलाही.

वाघोली
बाईंच्या उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. ताशी ९०० किलोमीटरने १२,५०० किलोमीटरला चौदा तास पुरायला हवेत. जाताना जास्त लागतात, कारण साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. शिवाय विमानाला नेहमी दोऱ्याच्या वाटेने जाता येतेच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

सिंहगड रस्ता
पहाटे दीडचे विमान म्हणजे पुण्यातून ११ तारखेलाच दुपारी निघायचे, हे घरात सर्वांना बजावून ठेवा. आमच्या घरी एकदा तारीख वाचण्यात हीच चूक झाली आणि विमान गेल्यावर ती लक्षात आली. घाटातली कोंडी धरून गाडीला पाच तास द्या आणि विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी पोहोचा. आईंना विमानात दर दोन तासांनी थोडे चालवा; त्यासाठी कडेची जागा आधीच मागून घ्या.

कोथरूडकर
सर्वांचे मनापासून आभार. आईचे मनगटी घड्याळ मी भारतीय वेळेवरच ठेवणार आहे. रात्री आठची गोळी मुंबईच्या विमानतळावर, सकाळी आठची उड्डाणानंतर साडेसहा तासांनी आणि त्यापुढची तिथल्या सकाळी साडेनऊला, म्हणजे उतरल्यावर अडीच तासांनी, असा हिशेब आज कागदावर मांडला. उद्या तो डॉक्टरांना दाखवून पक्का करून घेतो.