थकबाकी किती ते नंतर, आधी कधीपासून ते सांगा : दिव्यांग पेन्शन आणि अनुदानाचे अनुभव

धागाकर्ती

घरात दिव्यांग व्यक्ती असली की सरकारी मदतीबद्दल दोन प्रश्न सगळे विचारतात. टक्के किती? महिन्याला किती मिळतात? भावाच्या पेन्शनमागे धावल्यावर माझं मत असं झालंय की तिसरा प्रश्न या दोन्हींपेक्षा महागात पडतो : हक्क कोणत्या तारखेपासून? कुठे मृत्यूची तारीख धरतात, कुठे मंजुरीचा महिना, कुठे सरकारी आदेशाची तारीख. मागचे पैसे मिळणार की बुडणार ते त्यावर ठरतं.

म्हणून हा धागा. योजना कोणती, तारीख कोणती धरली, ती कोणत्या कागदाने सिद्ध झाली आणि मागचं मिळालं का, एवढं लिहा. सुरुवात मी करते.

भावाला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे, ७५ टक्के. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्यांच्यामागे आईला कौटुंबिक पेन्शन होती. आई ३१ मार्च २०२२ ला गेली. बँकेने सांगितलं, मुलगा पंचविशीच्या पुढचा आहे, पेन्शन संपली. हे चूक आहे. स्वतःच्या पोटापुरतं कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला २५ वर्षांची अट लागत नाही, त्याला तहहयात मिळते. १९७२ च्या केंद्रीय पेन्शन नियमांत हे नियम ५४ मध्ये होतं, २०२१ च्या नियमांत ते नियम ५० मध्ये आहे. नियमाचा क्रमांक अर्जावर ठळक लिहिला की समोरच्या माणसाची बोलण्याची पद्धत बदलते, हा माझा अनुभव.

खरी अडचण पुढे आली. भावाचं जुनं प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं, शिक्का पुसट झालेला. म्हणून यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राचं, नवं काढलं. त्यावर तारीख अर्थातच आई गेल्यानंतरची. लगेच शेरा आला : दिव्यांगत्व आई-वडिलांच्या हयातीत होतं कशावरून? प्रमाणपत्र नंतरचं असलं तरी चालतं, दिव्यांगत्व आधीपासूनचं असल्याची खात्री पटायला हवी. ती पटली भावाच्या विशेष शाळेच्या प्रवेश अर्जावरून. १९८९ चा पिवळा पडलेला कागद, त्यावर शाळेच्या डॉक्टरांचा शेरा आणि खाली वडिलांची सही. आईने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला होता. त्याशिवाय मी पालक असल्याचं प्रमाणपत्र लागलं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती ते देते.

पेन्शन सप्टेंबर २०२३ पासून खात्यात पडू लागली आणि थकबाकीही एकरकमी आली, ३,०७,५३० रुपये. घरचे खूश. मी वही घेऊन बसले. वडिलांच्या सुधारित शेवटच्या पगाराच्या ३० टक्के म्हणजे १३,५०० मूळ पेन्शन. एप्रिल ते जून २०२२ महागाई भत्ता ३४ टक्के, म्हणजे महिना १८,०९०. जुलैपासून ३८ टक्के, १८,६३०. जानेवारी २०२३ पासून ४२ टक्के, १९,१७०. जुलै-ऑगस्ट २०२३ ला ४६ टक्के, १९,७१०. सतरा महिन्यांची बेरीज ३,२०,४९०. बँकेने सगळे महिने ३४ टक्क्यांनीच धरले होते! फरक १२,९६० रुपयांचा. तक्ता करून दिला, पुढच्या महिन्यात फरक जमा झाला. कोणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पण थकबाकी आली म्हणजे बरोबरच आली असं धरून चालू नका. महागाई भत्त्याचा दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेवढं तपासायला पाचवीचं गणित पुरतं.

नाशिककर

तुमच्यासारखीच केस, पण अर्ध्यावर अडकलेली. मला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत कॅलिपर. घरी बसून शिकवण्या घेतो, थोडं कमावतो. आई गेल्यावर अर्ज केला तर उत्पन्नामुळे नाकारला. तेव्हा मर्यादा होती ९,००० रुपये अधिक महागाई, आणि मी तिच्या किंचित वर होतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने निकष बदलला. आता दिव्यांग अपत्याचं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कौटुंबिक पेन्शनपेक्षा, म्हणजे कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई यापेक्षा कमी असलं की पुरे. मी पुन्हा अर्ज केला, मंजूर झाला. पैसे मात्र ८ फेब्रुवारी २०२१ पासूनच. आई त्याच्या आधी दोन वर्षं गेली होती, तो काळ कोरडा. आदेशात तसं स्पष्टच लिहिलंय, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

ज्यांना जुन्या मर्यादेमुळे नकार मिळाला होता त्यांनी पुन्हा अर्ज करा. कार्यालय आपणहून बोलवत नाही.

फौजीची लेक

बाबा सैन्यात होते. नोकरीत असताना ऐकू येणं कमी झालं, वैद्यकीय मंडळाने ३० टक्के लिहिलं आणि घरी पाठवलं. दिव्यांगत्व पेन्शनचा अर्ज मात्र "सेवेमुळे झालेलं नाही" या एका ओळीत फेटाळला. बाबा शिस्तीचे, वरून आलं म्हणजे संपलं. कित्येक वर्षांनी माझ्या नवऱ्याने ते पत्र वाचलं आणि सैन्य न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज केला.

दोन गोष्टी कळल्या. भरती होताना आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं गृहीत धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सैन्याची. २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल. दुसरी म्हणजे टक्क्यांचं गोलाकरण. ५० च्या आतलं दिव्यांगत्व ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. दिव्यांगत्व पूर्ण असेल तर पेन्शनमधला त्याचा भाग पगाराच्या ३० टक्के असतो. समजा पगार ४०,०००, तर शंभर टक्क्यांना १२,०००. तीस टक्क्यांना ३,६०० आले असते, गोलाकरणाने ६,००० होतात.

आता धागाकर्तीचा प्रश्न, कधीपासून. बाबांना वाटत होतं घरी आले त्या दिवसापासून मिळेल. वकिलांनी पहिल्याच भेटीत २००८ चा तरसेम सिंग निकाल पुढे ठेवला. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही. पण मागची थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. आम्हाला तेवढीच मिळाली. बाकीची वर्षं गेली ती गेली. बाबा म्हणाले, "चला, शेवटी लेखी तर दिलं त्यांनी." मला तेवढं मोठं मन नाही, मी अजून चिडलेली आहे.

नाशिककर

@फौजीची लेक, तीन वर्षांची गोष्ट सगळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी. विचार करण्यात घालवलेलं प्रत्येक वर्ष मागच्या टोकाने कापलं जातं.

माळरान

आम्ही खेड्यातले, आमच्याकडं पेन्शनवाला बाप नाही. संजय गांधी निराधारवर चालतंय. मला एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं अंधुक, ६० टक्के. दिव्यांगाला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत पाहिजे, बाकीच्यांना २१,०००. तलाठ्यानं दाखल्यासाठी २१,००० च डोक्यात धरलं होतं, तिथंच गाडी अडली. दिव्यांगाची मर्यादा वेगळी हे तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा पुढं सरकली.

अर्ज दिला तेव्हापासून मिळंल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. समितीच्या बैठकीत नाव मंजूर झालं त्यानंतरच सुरू झालं, बैठक लांबली ते महिने आमच्या खिशातून. म्हणून अर्जाची पोच घेऊन ठेवा आणि पुढची बैठक कधी ते विचारत राहा.

बंद पडलेल्याचं मात्र वेगळं. पैसे थेट आधारच्या खात्यात यायला लागले तेव्हा माझं आधार जुन्या सोसायटीच्या खात्याला जोडलेलं निघालं. काही महिने काहीच नाही. जोडणी बदलल्यावर अडकलेले हप्ते एकदम पडले. म्हणजे नाव यादीत असंल आणि पैसा वाटेत अडकला असंल तर तो येतो. नाव यादीतच नसंल तर मागचं विसरायचं. हयातीचा दाखला वेळेत द्या, नाव कटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आधी महिन्याला १,०००, जुलै २०२३ पासून १,५०० आणि दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. वाढलेला आकडा पासबुकात दिसतो का बघा, नाही तर अर्ज द्या. आमच्या गावात दोघांची नोंद दिव्यांग म्हणून नव्हतीच, नुसतं निराधार म्हणून होती. त्यांना जुनाच आकडा येत राहिला.

धागाकर्ती

@माळरान, शेवटचा मुद्दा फार कामाचा. त्या दोघांची नोंद बदलली का?

माळरान

एकाची बदलली. दुसऱ्याचं दिव्यांगाचं कार्डच नाही अजून. त्याला जिल्ह्याला न्यायचंय, गाडीभाडं कोण देणार यावर घरात चर्चा चालू आहे.

प्रेस शॉप

कामगार विम्याबद्दल (ईएसआय) कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पॉवर प्रेसवर डाव्या हाताची तर्जनी पूर्ण गेली. कंपनीचं नाव नको. अपघाताचा अहवाल पाठवायलाच ते तयार नव्हते, "घरी लागलं असं सांग, पगार देतो" म्हणाले. ऐकलं नाही, बरं झालं.

सुट्टीवर असताना तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के. कामावर परत गेल्यावर तो थांबतो. पुढे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं. पूर्ण तर्जनीला कायद्याच्या परिशिष्टात १४ टक्के आहेत. ६०० रुपये रोज असेल तर त्याचे ९० टक्के ५४०, त्याचे १४ टक्के ७५ रुपये ६० पैसे. एवढे रोजचे, आयुष्यभर, नोकरी चालू असली तरी.

तारखेचं उत्तर इथे कामगाराच्या बाजूचं आहे. मंडळ उशिरा बसलं तरी पैसे तात्पुरता लाभ संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे माझी थकबाकी पूर्ण आली. पण हे सगळं उभं राहतं अपघाताच्या अहवालावर. तो गेला नसता तर ना तारीख, ना बोट.

गडचिरोली

माझ्या मुलीला सिकलसेल. १९९५ च्या कायद्यात हा आजार नव्हताच. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, त्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. त्याआधी ती महिन्यातून कितीदा दवाखान्यात राहिली असेल, त्याचा हिशोब कोणीच धरत नाही.

पहिल्या तपासणीत ४० च्या खाली टक्के आले. यूडीआयडीचं पांढरं कार्ड. ४० ते ८० ला पिवळं, ८० आणि त्यावर निळं. पांढऱ्या कार्डावर बहुतेक योजना लागत नाहीत. मग रक्त चढवल्याच्या नोंदी, भरती झाल्याचे डिस्चार्ज कागद, सगळे तारखेप्रमाणे लावून फेरतपासणी मागितली. आता पिवळं आहे. डॉक्टर वाईट नव्हते, त्यांच्यासमोर पोरगी त्या दिवशी हसत बसली होती. हा आजार दिवस पाहून येतो, टक्के कागद पाहूनच द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्डं फेकत जाऊ नका गा.

शिक्षक कॉलनी

पगारदारांसाठी थोडक्यात. ४० टक्के किंवा त्यावर असाल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ, वर्षाचे २,५०० वाचतात. मी प्रमाणपत्र दिलं त्या महिन्यापासून कपात थांबली, आधीची परत मिळाली नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०यू खाली ७५,००० ची वजावट आणि तीव्र दिव्यांगत्व म्हणजे ८० टक्के किंवा त्यावर असेल तर १,२५,००० ची घेत आलो. फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत गेलात की ती गेली, आणि आमच्या शाळेत सगळ्यांना न विचारता नव्या पद्धतीत टाकलं होतं.

वाचनमात्र

इतके दिवस नुसती वाचत होते, एक विचारायचं आहे. बहिणीची कौटुंबिक पेन्शनची चार वर्षांची थकबाकी एकाच वर्षात जमा झाली. आता सगळ्यावर याच वर्षाचा कर लागणार का? सीए म्हणतात भरून टाका.

शिक्षक कॉलनी

सगळ्यावर याच वर्षाच्या दराने नाही. कौटुंबिक पेन्शनच्या थकबाकीलाही १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८९ ची सवलत आहे. प्रत्येक वर्षाची रक्कम त्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरून कर काढायचा, आणि एकदम आल्यामुळे जास्त बसलेला फरक वजा करायचा. त्यासाठी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो, तोही विवरणपत्राच्या आधी. नंतर भरला तर सवलत नाकारल्याची नोटीस येते. बँकेकडून थकबाकीचा महिनावार तक्ता मागून घ्या, त्याशिवाय वर्षांची फोड करता येणार नाही. आणि धागाकर्तीसारखं महागाईचं गणितही त्यातच तपासून घ्या.

वाचनमात्र

तक्ता आजच मागते. सीएंना १०ई चं नाव सांगितलं, ते "बघतो" म्हणालेत.