मदत हवी आहे: बाटलीतला हरितगृह परिणाम खरा कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी, मी नागपुरात नववीला विज्ञान शिकवते. हवेत नायट्रोजन 78 टक्के, ऑक्सिजन 21. दोघंही जमिनीतून निघणारी उष्णता अडवत नाहीत. जेमतेम 0.04 टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड मात्र अडवतो, हे मुलांना दाखवायचंय.

गच्चीवर उन्हात प्लास्टिकच्या दोन सारख्या बाटल्या ठेवल्या, तळाशी काळा कागद. एकीत साधी हवा. दुसरीत खायचा सोडा आणि व्हिनेगर वेगळ्या बाटलीत फसफसवून नळीने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू. अर्ध्या तासात ती दोन अंशांनी जास्त तापली. थर्मामीटर अदलाबदल करूनही तेच. मुलं खूश, पण मला पटेना. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणजे आतलं अभिसरणच (गरम हवेचं वर-खाली फिरणं) मंदावून ती बाटली जास्त तापत असेल. शिवाय प्लास्टिक नि काच स्वतःच अवरक्त किरणं (उष्णतेची अदृश्य किरणं) शोषतात.

ताप मोजायची बंदूक लावली, फरक नाही. ती साधारण 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीची अवरक्त किरणं टिपते आणि या वायूचं शोषण 15 च्या आसपास.

सिलिंडर नाही, खर्च हजाराच्या आत हवा. डब्याच्या दोन्ही तोंडांना पातळ पॉलिथिन ताणून, एकीकडे गरम तवा, दुसरीकडे सेन्सर, असं कुणी केलंय का? सेन्सर कोणता घेऊ?