मदत हवी आहे: शाळेला १२ जुने संगणक मिळतायत, खोलीत ठेवायचे की वर्गात?

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवावा. जरा लांबलचक आहे, पण शनिवारी सभा आहे म्हणून घाई.

मी नाशिकची, मखमलाबादच्या पुढे राहते. मुलगी पाचवीत, मराठी माध्यम, शाळा पहिली ते सातवी. यंदा शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य म्हणून माझं नाव आलं. (आलं म्हणजे, त्या दिवशी मी सभेला गेले आणि मागच्या रांगेत जागा मिळाली नाही.) मिस्टर अंबडला एका कारखान्यात स्टोअर्सला आहेत. तिथे ऑफिसचे संगणक बदलतायत आणि जुने १२ शाळेला द्यायला मालक तयार आहेत. प्रोसेसर आय-थ्री, चौथ्या पिढीतले, ४ जीबी रॅम, विंडोज १०.

आता अडचण. शाळेत एक संगणक खोली आधीपासून आहे. पूर्वी कुठल्याशा योजनेत सात संगणक आले होते. कराराची पाच वर्षं संपली, शिकवणारे सर गेले, पाठोपाठ यूपीएसच्या बॅटऱ्याही गेल्या. मागच्या महिन्यात मोठ्या बाईंनी खोली उघडून दाखवली. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. आत प्रत्येक मॉनिटरवर कुणीतरी हाताने शिवलेलं कापडी आवरण. वेलबुट्टीचं, अगदी मन लावून शिवलेलं. कीबोर्डवरची प्लास्टिकची पातळ पिशवीसुद्धा तशीच. वापरून बिघडलेली वस्तू मी पाहिलीय, पण जपून जपून वाया गेलेली पहिल्यांदाच पाहिली.

बाई वाईट नाहीत हो. उलट फार कष्टाळू. त्यांचं म्हणणं, नवे १२ पण त्याच खोलीत लावू, आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाला नेऊ. पट साधारण ३५ चा. म्हणजे एका संगणकाला तीन मुलं, ३५ मिनिटांचा तास, त्यात रांग करून नेणं-आणणं दहा मिनिटं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, शेजारच्या शाळेत पण आहे संगणक. ते पेंटमध्ये घर काढतात, मग बंद करतात."

मला वाटतं चौथी ते सातवी प्रत्येक वर्गात तीन-तीन ठेवावेत, जिथे शिकवणं चालतं तिथेच. पण मग शिक्षक विचारणार की तीन संगणक आणि ३५ पोरं, बाकीची काय करणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि मुळात वर्गात त्यांचा उपयोग कशासाठी करायचा? बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपवर व्हिडिओ आहेत, ते बाई मोबाइलवरही दाखवतात. नुसतं तेच मोठ्या पडद्यावर दाखवायला संगणक कशाला?

ज्यांनी शाळेत प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा. विक्रेत्यांचे फोन नकोत, आधीच तीन आलेत.

प्रतिसाद: खडूफळा

ताई, आधी जुनी गोष्ट. १९८४-८५ ला केंद्र सरकारच्या 'क्लास' या संगणक साक्षरतेच्या प्रकल्पात काही हायस्कुलांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. आमच्याकडेही आले. खिडक्यांना पडदे, चपला बाहेर, खोलीत शिरताना मुलं देवळासारखी गप्प. मी गणिताचा मास्तर, पण किल्ली माझ्याकडे नव्हती. गणिताच्या तासाशी त्या खोलीचा संबंधच नव्हता, तो 'कम्प्युटरचा तास'. चाळीस वर्षांत यंत्रं बदलली, किल्लीची पद्धत तीच.

वर्गात ठेवा. आणि सुरुवात संगणकाशिवाय करा.

लोगो नावाची भाषा १९६७ ला सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयर्झाइग यांनी मुलांसाठी केली. पडद्यावर एक कासव, त्याला सूचना द्यायच्या: पुढे जा, उजवीकडे वळ. मी हे आधी पटांगणात करायचो. एक मुलगा कासव, हातात खडू, बाकीचे हुकूम सोडणार. चौरस पटकन जमतो, चार पावलं आणि ९० अंश, चारदा. मग त्रिकोण. सगळी पोरं ओरडतात '६० अंश!' कारण पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६०. कासव ६० वळतं आणि निघतं भलतीकडे, सहा बाजू झाल्यावर जागेवर परत येतं. षटकोन होतो! मग वर्ग गप्प बसतो. कासवाला १२० वळावं लागतं हे कुणाला तरी सुचतं, त्या मिनिटासाठी मास्तरकी करावी. यानंतर संगणक लावा. मुलांकडे तेव्हा विचारायला प्रश्न असतो.

प्रतिसाद: जुनं ते सोनं

तांत्रिक बाजू सांगतो, बाकी मास्तर मंडळी आहेतच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून तर ऑफिसं काढतायत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीवर चालते. हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, फरक डोळ्यांना दिसेल. मदरबोर्डवरचा बटण सेल (सीआर २०३२) बदला, नाहीतर रोज सकाळी तारीख मागे जाते आणि वेबसाइट उघडत नाहीत. मग सगळे म्हणतात नेट बंद आहे.

नेटवर विसंबू नकाच. जीकॉम्प्री (शिकायचे खेळ), टक्स पेंट (चित्रं), लिबरऑफिस (लिखाण, तक्ते, आलेख), केटर्टल (वर सरांनी सांगितलेलं कासव) हे सगळं ऑफलाइन आणि फुकट. किविक्स नावाच्या ॲपने अख्खा मराठी विकिपीडिया संगणकात उतरवता येतो. स्क्रॅचचं (ठोकळे जोडून मुलांनी प्रोग्रॅम करायचा, ते) अधिकृत ऑफलाइन ॲप लिनक्ससाठी नाही, त्याऐवजी टर्बोवार्प टाका.

आणि सगळ्यात आधी वर्गातलं अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो संगणक मुलांसमोर ठेवायचा नाही. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, मागे तिसरी वायरच नसते.

कारखान्याकडून डिस्क पुसून घ्या आणि १२ पैकी चालू किती ते लेखी घ्या. भंगार उचलायचा खर्च वाचवायला 'दान' करणारेही असतात. तुमचे तसे नसतील.

प्रतिसाद: उलटतपासणी

मी विरोधात लिहिणार आहे, रागावू नका.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१५ ला अहवाल दिला: ज्या देशांनी शाळांत संगणकांवर भरपूर खर्च केला त्यांच्या 'पिसा' या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या वाचन, गणित, विज्ञानात म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही. पेरूने तर मुलांना लाखो लॅपटॉप वाटले, आणि २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम शून्य. स्वीडन २०२३ पासून छापील पुस्तकांकडे परत वळतोय. त्याच पैशात वाचनालय करा की.

प्रतिसाद: कांदेबहाद्दर

@उलटतपासणी, फुकट मिळणारे संगणक नाकारले म्हणून वाचनालयाचे पैसे येत नाहीत. मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा वडोदऱ्यात आहे.

तिथल्या महापालिका शाळांना सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते, बहुतेक पडूनच. मग 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, ज्याच्या त्याच्या पातळीचे गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी मोजणी केली, २००७ ला निबंध आला. गणितात चांगली वाढ. वर्षभराने त्यातली बरीच विरली, हेही त्यांनीच लिहिलंय. गुजरातमध्येच ली लिंडन यांनी दुसरा प्रयोग मोजला: संगणक नेहमीच्या शिकवण्याच्या जागी आणला तर मुलं मागे पडली, शाळेनंतर जादा वेळ म्हणून दिला तर कच्च्या मुलांना फायदा झाला. म्हणजे बाईंचा तास खाऊन संगणक नको.

मी निफाड तालुक्यात सातवीला शिकवतो. माझ्या वर्गात दोनच संगणक. पोरं पेपरमधून लासलगावचा कांद्याचा भाव रोज वहीत लिहितात. महिन्याने आलेखकागदावर हाताने आलेख. त्यानंतरच चार-चार जणांची पाळी: आकडे लिबरऑफिसमध्ये भरायचे, आपला आलेख आणि त्याचा आलेख ताडून बघायचा. एकाच्या हातात माउस, दुसरा सांगणार, दर पाच मिनिटांनी अदलाबदल. बाकीचा वर्ग तेव्हा दुसरंच काहीतरी करतो, गाजावाजा नाही. एका पोराचा आलेख मध्येच आभाळाला भिडला, कारण १८०० ऐवजी १८००० भरलं होतं. "सर, एवढा भाव आला असता तर बापानं ट्रॅक्टर घेतला असता." चूक त्यानेच पकडली, कारण आकडा घरचा होता.

मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने शिकवा. लहानांची एक गंमत सांगतो: हाताने 'शि' लिहिताना पहिली वेलांटी आधी काढतात, कीबोर्डवर मात्र श आधी आणि वेलांटी नंतर. 'नाशिक' लिहिताना हमखास अडतात. उच्चार करायला लावा, श नंतर इ ऐकू येतं, मग बोट बरोबर जातं.

प्रतिसाद: खडूफळा

ताई, एक राहिलं, आणि तेच मुख्य. बाई कुलूप का लावतात माहितीये? जडवस्तू संग्रह नोंदवही. संगणक एकदा डेड स्टॉकला चढला की हरवला-बिघडला तर तपासणीत जबाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. वापरला नाही म्हणून आजवर कुणाला नोटीस आलेली मी पाहिली नाही. मग कुणीही शहाणा माणूस कुलूपच लावेल. सभेत ठराव करून घ्या: संगणक वर्गात रोज वापरण्यासाठी आहेत, वापरातल्या बिघाडाची जबाबदारी शिक्षकांवर नाही, दुरुस्तीसाठी अमुक रक्कम बाजूला. इतिवृत्तात शब्दशः लिहा. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तुमचं बहुमत आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा प्रतिसाद मोठ्या बाईंना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "ती आवरणं मीच शिवली होती." मला फार ओशाळल्यासारखं झालं. वर जे लिहिलंय ते तसंच ठेवते, पण माझ्या त्या 'जपून जपून वाया गेलेली' वाक्याची मला लाज वाटतेय.

शनिवारी सभा झाली. ठराव झाला, थोड्या वादाने. १२ नाही, आधी सहा घेतोय, पाचवी आणि सहावीत तीन-तीन. लहान वर्गांना सध्या नाही. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर सहावीच्या वर्गात खरंच तिसरी वायर नव्हती. त्याचं काम चालू आहे. @जुनं ते सोनं, ठरावीक वेळी सगळे संगणक आपोआप बंद व्हावेत असं मिंटमध्ये करता येतं का? आणि केटर्टलमधल्या आज्ञा मराठीत होतात का?

@उलटतपासणी, वाचनालयाचा विषय पुढच्या सभेला घेतलाय. तुमच्या नावावर.

संगणक यायचेत, पण पाचवीच्या बाईंनी काल पटांगणात कासव करून बघितलं. कासव म्हणजे माझीच मुलगी. घरी येऊन फरशीवर खडूने षटकोन काढून बसलीय आणि १२० कुणी सांगायचं नाही म्हणतेय.