इराण ओलीस प्रकरण, एप्रिल १९८०: व्हान्सचं ऐकायला हवं होतं का?

पारावरचा_वाचक

नमस्कार मंडळी, सध्या अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्या काळातलं तेहरान प्रकरण वाचतोय आणि एका बैठकीपाशी येऊन अडकलोय, म्हणून इथे विचारतो. ११ एप्रिल १९८०, व्हाइट हाउस. ४ नोव्हेंबर १९७९ ला इराणी विद्यार्थ्यांनी तेहरानमधली अमेरिकन वकिलात ताब्यात घेऊन आतल्या लोकांना ओलीस धरलं त्याला पाच महिने होऊन गेलेले, आणि या बैठकीत कार्टरने सुटकेसाठी कमांडो पाठवायचं नक्की केलं. ज्याचा याला सगळ्यात जास्त विरोध, तो परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स त्या दिवशी फ्लोरिडात सुट्टीवर! त्याच्या जागी उपमंत्री वॉरेन ख्रिस्तोफर बसला होता, त्याने अजून राजनैतिक मार्ग शिल्लक आहेत असं सांगून पाहिलं, पण बाकी सगळे म्हणजे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की, संरक्षणमंत्री ब्राउन, गुप्तचर संस्था सीआयएचा टर्नर, सेनाप्रमुखांचा अध्यक्ष जनरल जोन्स, उपाध्यक्ष माँडेल हे एका बाजूला.

व्हान्स परत आल्यावर हादरला. १५ तारखेला पुन्हा बैठक झाली, त्याने आपलं म्हणणं मांडलं, कुणीच साथ दिली नाही. २१ ला राजीनामा दिला आणि तोही असा की मोहीम यशस्वी झाली तरी मी जाणारच. २४ च्या रात्री वाळवंटात मोहीम फसली, आठ जवान गेले, २८ ला राजीनामा जाहीर झाला.

आता मोहीम फसली म्हणून व्हान्स बरोबर, हे म्हणायला काय लागतं. माझा प्रश्न असा की निकाल बाजूला ठेवा, त्या आठवड्यात त्या लोकांना जेवढं माहीत होतं तेवढ्यावरून कुणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं होतं?

गोदाकाठ

चांगला प्रश्न. मी व्हान्सच्या बाजूने आहे आणि का ते सांगते.

पहिली गोष्ट, व्हान्स हा काही लष्कराला घाबरणारा माणूस नव्हता, अध्यक्ष जॉन्सनच्या काळात तो उपसंरक्षणमंत्री होता, फौजेचं काम त्याने आतून बघितलेलं. १९६८ मध्ये उत्तर कोरियाने प्वेब्लो हे अमेरिकन जहाज पकडलं तेव्हा जॉन्सनने त्याला सोलला पाठवलं होतं. ते ८२ खलाशी अकरा महिन्यांनी बोलणी करूनच सुटले. त्याच्या आधी १९४८-४९ ला चीनमध्ये मुकदेनला अमेरिकन वाणिज्यदूताला वर्षभर कोंडून ठेवलं होतं, तोही शेवटी सुटला. ही दोन उदाहरणं व्हान्सच्या डोक्यात पक्की होती. त्याचा हिशोब सरळ होता की इराणच्या क्रांतीचा नेता खोमेनी, त्याला हे ओलीस हवेत ते देशातल्या राजकारणासाठी, मवाळ लोकांना बाजूला सारून आपली राजवट बसवण्यासाठी. एकदा संविधान, अध्यक्ष, मजलिस म्हणजे तिथली संसद, सगळं बसलं की ओलिसांचा उपयोग संपतो आणि मग ते सुटतात. तोवर त्यांना मारून त्याचा काही फायदा नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बोलतात. समजा मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली असती, तरी तेहरानमध्ये पत्रकार वगैरे मिळून आणखी कितीतरी अमेरिकन माणसं होती, दुसऱ्या दिवशी त्यांना धरलं असतं तर? म्हणजे पन्नास सोडवायचे आणि नवीन ओलीस द्यायचे. आणि युरोपातले मित्रदेश इराणवर निर्बंध लावायला तयार होत होते ते याच भरवशावर की अमेरिका बळ वापरणार नाही. त्यांनी २२ एप्रिलला निर्णय घेतला आणि दोन दिवसांत हेलिकॉप्टर उडाली! ज्या मंत्र्याने त्यांना शब्द दिला त्याने राजीनामा दिला नसता तरच नवल.

कोरडी_विहीर

गोदाकाठ ताई, तुमचं म्हणणं मुद्देसूद आहे पण एक बाजू राहिली. बोलणी करायची हे ठीक, पण कुणाशी?

फेब्रुवारी मार्चमध्ये काय झालं ते बघा. कार्टरचा माणूस हॅमिल्टन जॉर्डन एका फ्रेंच वकिलाला आणि एका अर्जेंटिनाच्या व्यावसायिकाला मध्ये घालून इराणी परराष्ट्रमंत्री घोत्बझादेशी गुपचूप बोलत होता, सगळं पायरी पायरीने ठरलं होतं. संयुक्त राष्ट्रांचं मंडळ तेहरानला जाणार, इराणच्या तक्रारी ऐकणार, ओलिसांना भेटणार, मग ओलीस विद्यार्थ्यांकडून सरकारकडे येणार. मंडळ गेलं. विद्यार्थ्यांनी भेटू दिलं नाही, खोमेनी विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला, मंडळ हात हलवत परत. एप्रिलच्या सुरुवातीला अध्यक्ष बनीसद्र म्हणाला आता आम्ही ताबा घेतो, परत खोमेनी नाही म्हणाला. म्हणून ७ एप्रिलला कार्टरने संबंध तोडले आणि चार दिवसांनी ती ११ तारखेची बैठक.

म्हणजे ज्यांच्याशी बोलत होते त्यांच्या हातात काही नव्हतं आणि ज्याच्या हातात होतं तो बोलायलाच तयार नव्हता. अध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री दोघंही कबूल झाले तरी काम होत नाही म्हटल्यावर ब्रेझिन्स्कीने अजून किती थांबायचं? त्यात रात्री लहान होत चालल्या होत्या. मोहीम अंधारात करायची तर मे नंतर अंधार पुरत नाही आणि उकाडा वाढला की हेलिकॉप्टरची वजन उचलायची ताकद कमी होते. एप्रिल गेला तर पुढचा मोका शरद ऋतूत, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. व्हान्सच्या थांबण्याला काही मुदत नव्हती, हा त्याच्या युक्तिवादातला सगळ्यात कच्चा भाग.

हेही खरं की ब्रेझिन्स्कीला त्याहून जास्त हवं होतं, सुटकेसोबत हवाई हल्ला पण करावा म्हणजे सुटका फसली तर निदान तेवढं दाखवता येईल. कार्टरने ते मान्य केलं नाही आणि ते बरंच केलं.

अटलांटिकपार

मी तेव्हा अमेरिकेत एमएस करत होतो म्हणून बाहेरच्या वातावरणाबद्दल थोडं, कारण सल्लागार बंद खोलीत बसले तरी बाहेरचा गलका आत ऐकू जातोच. टीव्हीवरचा वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट रोज बातम्या संपवताना आज ओलिसांचा कितवा दिवस ते सांगायचा, रात्री उशिरा दुसऱ्या चॅनेलवर फक्त याच विषयाचा कार्यक्रम, झाडांना पिवळ्या फिती, आमच्या कॅम्पसवर इराणी विद्यार्थ्यांविरुद्ध मोर्चे. आम्ही भारतीय पोरं दुकानात गेलो की आधी विचारायचे तू इराणी का, आणि त्या प्रश्नाचा सूर चांगला नसायचा, तो अजून विसरलो नाहीये. एका इराणी मित्राने तर बाहेर पडणंच बंद केलेलं, आणि तो बिचारा खोमेनीच्या विरोधातला होता!

त्यात निवडणुकीचं वर्ष, पक्षातूनच टेड केनेडी उभा. १ एप्रिलला विस्कॉन्सिनच्या मतदानाच्या दिवशी भल्या सकाळी कार्टरने टीव्हीवर येऊन तेहरानहून चांगली बातमी आहे असं सांगितलं, आणि आठवडाभरात ती पोकळ निघाली. त्यानंतर लोक फार चिडले. म्हणून मला वाटतं ११ एप्रिलच्या बैठकीत हो की नाही हा प्रश्न खरं तर शिल्लकच नव्हता. कार्टर माणूस म्हणून सज्जन, पाच महिने त्याने संयम ठेवला हे मी आजही मानतो, पण रोज कुणी दिवस मोजून दाखवत असेल तर थांबणं हा निर्णय आहे हेच लोकांना पटत नाही, काहीच करत नाही असंच दिसतं.

देवळालीकर

मी फौजेत होतो, आता निवृत्त. वरची चर्चा वाचली. मला वाटतं बोलणी की बळ यावर तासन् तास वाद झाला पण बळाची बाजू खुद्द किती ठिसूळ आहे यावर तेवढा झाला नाही.

योजना बघा. निमित्झ या विमानवाहू जहाजावरून आठ आरएच ५३ डी हेलिकॉप्टर, ही मुळात नौदलाची सुरुंग काढायची. सहाशे मैलांच्या आसपास रात्री खालून उडत जायचं, रेडिओ बंद. वाळवंटात एका ठिकाणी सी १३० मालवाहू विमानांतून आलेले डेल्टा फोर्स या कमांडो तुकडीचे जवान आणि इंधन घ्यायचं. पुढे तेहरानजवळ डोंगरात दिवसभर लपायचं. दुसऱ्या रात्री ट्रकमधून शहरात घुसायचं, वकिलातीवर हल्ला, ओलिसांना रस्त्यापलीकडच्या स्टेडियममध्ये न्यायचं, तिथून हेलिकॉप्टरने तेहरानबाहेरच्या मंझरियेच्या धावपट्टीवर, जी अमेरिकन लष्कराच्या रेंजर्स तुकडीने तोवर ताब्यात घेतलेली असायची, आणि तिथून मोठ्या विमानांनी बाहेर. यातली एक कडी तुटली की सगळं बंद. आणि पायलट मरीनचे, हेलिकॉप्टर नौदलाची, विमानं वायुदलाची, जवान लष्कराचे, या सगळ्यांनी एकत्र पूर्ण सराव कधी केलाच नाही कारण गुप्तता!

कमीत कमी सहा हेलिकॉप्टर लागणार होती. एकाच्या पात्यात बिघाड असल्याचा इशारा-दिवा लागला म्हणून ते वाटेतच सोडलं, एक धुळीच्या लोटातून मागे फिरलं, तिसऱ्याचं हायड्रॉलिक उतरल्यावर गेलं. राहिली पाच. वर त्या निर्जन म्हटलेल्या जागी प्रवाशांनी भरलेली बस आली. डेल्टा फोर्सचा प्रमुख कर्नल बेकविथने मागे फिरायचा सल्ला दिला, कार्टरने मान्य केला, आणि निघताना एक हेलिकॉप्टर सी १३० वर आदळलं. आठ जण तिथे गेले. नंतर या अपयशाची चौकशी करणाऱ्या ॲडमिरल हॉलोवेच्या समितीने सरावाचा अभाव, अति गुप्तता आणि हेलिकॉप्टरची कमी संख्या यावर बोट ठेवलं.

काही लोक युगांडातल्या एन्टेबीचं उदाहरण देतात, १९७६ मध्ये अपहरण झालेल्या विमानातले ओलीस इस्रायलने सोडवून दाखवले ना म्हणून. अहो तिथे विमान थेट विमानतळावर उतरलं आणि ओलीस त्याच विमानतळाच्या जुन्या टर्मिनलमध्ये होते. इथे लाखोंच्या शहराच्या मध्यावर शिरायचं होतं. आणि तिथे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या सरकारने १ जुलैला बोलणी करायचा ठराव खरोखर केला होता, त्यामुळे मुदत ४ जुलैपर्यंत वाढली, आधी सोडलेल्या ओलिसांकडून आतली माहिती मिळाली आणि तेवढ्या वेळात योजना बसली. म्हणजे तिथे बोलणी आणि बळ एकाच टेबलावर होतं. वॉशिंग्टनमध्ये ते दोन गट झाले आणि एका गटाचा माणूस सुट्टीवर असताना निर्णय झाला, हे मला फार खटकतं. विरोध करणारा माणूस खोलीत असेल तर निदान लष्कराला अवघड प्रश्न तरी विचारले जातात.

पारावरचा_वाचक

देवळालीकर काका, फार छान समजावलंत, धन्यवाद. आपल्याकडे कंदाहारच्या वेळी असा वाद झाला असेल का?

देवळालीकर

कंदाहारला वाद घालायला वाव फार थोडा होता. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरण झालेलं आपलं विमान अमृतसरला पाऊण तासाच्या वर उभं होतं, बळ वापरायची वेळ असलीच तर ती तेवढीच. कंदाहारला पोचल्यावर बाहेर तालिबानचे रणगाडे, तिथे कमांडो उतरवणं शक्य नव्हतं. अपहरणकर्त्यांनी ३६ कैदी आणि २० कोटी डॉलर मागितले होते, आपल्या बोलणी करणाऱ्यांनी ते तीन कैद्यांवर आणलं. त्या तिघांत मसूद अझर होता आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी आतल्या दीडशेहून जास्त माणसांचा विचार केला तर ३१ तारखेला दुसरं काय करता आलं असतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गोदाकाठ

परत तेहरानकडे येते. कोरडी_विहीर म्हणतात व्हान्सच्या थांबण्याला मुदत नव्हती. मला वाटतं होती. मजलिसच्या निवडणुकीची दुसरी फेरी ९ मे ला होती आणि खोमेनीने फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं की ओलिसांचं काय करायचं ते मजलिस ठरवेल. १५ एप्रिलच्या बैठकीत मी असते तर हेच धरून बसले असते की अजून थोडे आठवडे द्या. आणि शेवटी घडलं तेच ना, सप्टेंबरमध्ये खोमेनीने चार अटी सांगितल्या, २ नोव्हेंबरला मजलिसने त्या मंजूर केल्या, अल्जीरिया मध्ये पडला आणि १९ जानेवारी १९८१ ला करार झाला. कार्टरने १४ नोव्हेंबर १९७९ लाच गोठवलेला इराणचा पैसा हा त्या सौद्यातला खरा हुकमी पत्ता होता, त्यातले जवळजवळ ८ अब्ज डॉलर हलल्यावरच विमानं सुटली. आणि अल्जीयर्समध्ये बसून हे सगळं जुळवलं कुणी, तर त्याच वॉरेन ख्रिस्तोफरने, जो ११ एप्रिलला एकटा पडला होता.

कोरडी_विहीर

ख्रिस्तोफरचा मुद्दा मान्य, त्याला फार कमी श्रेय मिळतं. पण ताई, मजलिस २८ मे ला बसली आणि तिला अटी मंजूर करायला नोव्हेंबर उजाडला, तोही मध्ये जुलैला इराणचा पदच्युत राजा शहा वारला आणि सप्टेंबरला इराकने हल्ला केला तेव्हा. या दोन्ही गोष्टी एप्रिलमध्ये व्हान्सला ठाऊक असणं शक्य नव्हतं. फेब्रुवारीत ओलिसांना मध्यरात्री उठवून भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, खोटा गोळीबाराचा देखावा, ते तर वॉशिंग्टनला तेव्हा कळलंही नाही. ते आत मरणार नाहीत हे व्हान्स खात्रीने सांगत होता, पण ती खात्री त्याने कशाच्या जोरावर दिली?

गोदाकाठ

खोमेनीला जिवंत ओलीस हवे होते याच्या जोरावर. आणि ५२ च्या ५२ जिवंत परत आले. मोहिमेनंतर त्यांना तेहरानबाहेर वेगवेगळ्या शहरांत पांगवलं, त्यामुळे दुसऱ्यांदा सोडवायला जाण्याची सोयच राहिली नाही, हेही तुमच्या बाजूच्या हिशोबात धरा.