सासऱ्यांची विडी सुटली, पण निकोटीनचा गम काही जमेना

सूनबाई_कराड
आमचे मामंजी, घरात सगळे दादाच म्हणतात, वय ६६. मिसरूड फुटल्यापासून विडी. रोज बंडलभर, उसाला तोड आली की जास्तच. दिवाळीनंतर धाप फार वाढली. छातीच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, सीओपीडी (धुरानं फुप्फुसाच्या नळ्या आकसून कायमची धाप लागते तो आजार) सांगितला, पंप दिला आणि विडी सोडायला २ मिलिग्रॅमचा निकोटीनचा गम. दादांनी विडी खरंच टाकली. पण गम म्हणजे रोजचा तमाशा! एका हातात चहाची बशी, तोंडात गम, कचाकचा चावायचा. लगेच उचकी, मग जळजळ, मग थुंकून टाकतात आणि वर म्हणतात, "ह्यापरीस विडी बरी." पहाटे विडी ओढल्याशिवाय कधी परसाकडला गेले नाहीत, त्यामुळे पोटाची बोंब वेगळीच. आता तर हात थरथरतात, छाती धडधडते, झोप नाही. आमचे हे म्हणतात विषावर विष देताय, बंद करा. गोळीही असते म्हणे, पण तिनं डोकं फिरतं असं ऐकलं. काय करू?

रांगडा_गडी
ताई, गम-गोळी सगळा धंदा आहे. मनाचा निग्रह पाहिजे. आमच्या चुलत्यांनी माळ घातली आणि तंबाखू सोडली ती सोडलीच.

छातीवाला_मिरज
माळ घालून सुटलेले पेशंट मीही पाहिलेत, त्यांना हात जोडतो. पण ज्यांना ते जमत नाही तेच माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांना काय सांगू? २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिशेब आहे. औषधाविना शंभरात सहाएक जण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकतात, निकोटीनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आणि गम जोडीनं दिला तर बाराएक, व्हॅरेनिक्लिनवर, म्हणजे तुम्ही म्हणता त्या गोळीवर, चौदाएक. जादू नाही, पण दुप्पट म्हणजे कमी नाही हो.

सूनबाई, आधी धडधडीचं बघा, बाकीचं थांबू शकतं. दादा धापेवरची डेरिफायलीन किंवा थिओफायलिनची दुसरी कुठली गोळी घेतात का? विडीच्या धुरातल्या डांबरामुळे यकृत हे औषध भराभर संपवतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच तो वेग उतरतो आणि कालपर्यंत सोसत होता तोच डोस अंगावर येतो. थरथर, धडधड, मळमळ, झोप उडणं, सगळं त्यातच आलं. हे धुराचं काम आहे, निकोटीनचं नाही, म्हणून गम बंद करून ते थांबणार नाही. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. चहातल्या कॅफीनचंही तेच, तेव्हा चहा निम्म्यावर आणा. (यावर दादा तुमच्यावर चिडतील, माझं नाव सांगा.)

आता गम. तो चुइंगमसारखा खायचाच नसतो. सावकाश थोडे चावे, जिभेला तिखट झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून गप्प बसायचं. झिणझिणी ओसरली की पुन्हा दोन-चार चावे आणि दुसऱ्या गालात. अर्धा तास पुरतो. निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जायला हवं. लाळेबरोबर पोटात गेलं की उचकी आणि जळजळ, तलप तशीच. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, ताक, सरबत काही नको.

शिवाय उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला पहिली विडी लागते त्याला २ मिलिग्रॅम पुरत नाही, ४चा लागतो. सुरुवातीचे काही आठवडे दर तास-दोन तासाला एक, तलप उठायची वाट न बघता. दिवसाला २४च्या वर नाही. जोडीला रोज एक पॅच असेल तर उत्तमच. माझ्या बघण्यात ही औषधं फारशी फसत नाहीत, ती भीत भीत कमी दिली जातात.

विषावर विष? सवय लावतं ते निकोटीन, पण फुप्फुसाची वाट लावतो धूर. गममध्ये डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही.

गोळी म्हणजे व्हॅरेनिक्लिन. मेंदूत निकोटीन जिथे बसतं तिथेच ती अर्धवट बसते, त्यामुळे तलपही कमी आणि चुकून विडी ओढली तरी मजा येत नाही. डोकं फिरण्याची भीती अमेरिकेतल्या २००९च्या ठळक इशाऱ्यातून आली. २०१६ला आठ हजारांवर लोकांवर अभ्यास झाला, त्यात मानसिक आजार असलेलेही होते. धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही आणि त्याच वर्षी तो इशारा काढला. मळमळ मात्र होते, म्हणून भरल्या पोटी पेलाभर पाण्याबरोबर. स्वप्नं चित्रविचित्र पडतात. किडनी अधू असेल तर डोस कमी. सहसा १२ आठवड्यांचा कोर्स. दुसरी गोळी ब्युप्रोपियॉन, ती फिट येणाऱ्याला अजिबात द्यायची नाही.

पोटाचं दादा खरंच सांगताहेत. विडी सुटली की बद्धकोष्ठ होतं. कोमट पाणी, रात्री इसबगोल, थोडे आठवडे जाऊ द्या.

मेडिकलवाला
डॉक्टरांनी सांगितलंच. २चा गम आम्ही असाच देतो, ४ला चिठ्ठी आणा. कवळी असेल तर गम तिला चिकटतो, मग निकोटीनची चोखायची गोळी मागा, ती चावायची नाही. आणि लक्ष ठेवा, विडी सुटली म्हणून मिश्री नाहीतर चुना-तंबाखू सुरू करणारे रोज बघतो. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन फुकट आहे.

सूनबाई_कराड
डेरिफायलीन निघाली! जुन्या चिठ्ठीवर दादा परस्पर आणून खात होते, खिशात पट्टी सापडली. डॉक्टरांनी लगेच बंद करायला सांगितली, ईसीजी काढला, ठीक आहे. धडधड गेली. आता ४चा गम गालात धरून फडात फिरतात, कुणी बोलायला आलं की नुसती मान हलवतात, त्यामुळे मुकादम बुचकळ्यात! २१ मिलिग्रॅमचा पॅचही दिलाय, पण घामानं दुपारपर्यंत सुटतो.

छातीवाला_मिरज
आंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं करून, तेल न लावता, दंडावर वर किंवा पाठीवर लावा आणि तळहातानं दहा सेकंद दाबून धरा. जागा रोज बदला. कडा उचलल्या तर त्यावर कागदी मेडिकल टेप चालेल. पडलाच तर नवा लावा, पण उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला बदला. रात्री स्वप्नं फार पडली तर झोपताना काढून ठेवा.